आठ सेंटीमीटरची पट्टी

सामन्याच्या आदल्या संध्याकाळी सर बाकावर बसून पांढरी चिकटपट्टी कापायचे. मांडीवर पुठ्ठा, एका हातात फूटपट्टी, दुसऱ्या हातात ब्लेड. व्हॉलीबॉलचा नियम असा आहे की कर्णधाराच्या जर्सीवर, छातीवरच्या नंबरखाली, ८ सेंटीमीटर लांब आणि १.५ सेंटीमीटर रुंद पट्टी हवी. मोठ्या संघांच्या जर्सीवर ती छापूनच येते. आमच्याकडे जर्सींचा संच एकच आणि कर्णधार दर वर्षी नवी, म्हणून ही चिकटपट्टी. कड जरा तिरकी गेली की सर ती फेकून दुसरी कापायचे. पंच काही फूटपट्टी घेऊन छाती मोजायला येत नाहीत, असं मी एकदा धीर करून म्हटलं. सरांनी मान वर न करता "मग?" एवढंच विचारलं आणि पुन्हा ब्लेड लावलं.

ज्या वर्षी ती पट्टी मला मिळाली त्या वर्षी पहिल्या रात्री मी जर्सी घालूनच झोपले. आता सांगताना लाज वाटते. पण मी सेटर होते. दुसरा स्पर्श नेहमी माझा, चेंडू कुणाला उचलून द्यायचा हे ठरवणारी मी. त्यात आता कर्णधार. म्हणजे संघ माझा, असा माझा सरळ हिशोब होता.

नियमपुस्तक कर्णधाराला काय देतं ते मी फार उशिरा नीट वाचलं. नाणेफेकीला जायचं. सामन्याआधी आणि सामन्यानंतर गुणपत्रिकेवर सही करायची. आणि चेंडू खेळात नसताना पंचांकडे जाऊन निर्णयाचा खुलासा मागायचा. हा अधिकार मात्र संघात तिचा एकटीचा, कोचलाही नाही. मोठं म्हणावं असं एवढंच. सहकाऱ्यांवर ओरडण्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही.

तो सामना पाचव्या सेटपर्यंत गेला. पाचवा सेट १५ गुणांचा. कुणीतरी आठ गुणांवर पोचलं की बाजू बदलायची, आणि त्यानंतर सगळं इतकं भराभर होतं की घाम पुसायचंही राहून जातं. १२-१२ वर आमची सर्व्हिस होती. सर्व्हिसला आमची मिडल ब्लॉकर, म्हणजे नेटच्या मध्यावर समोरच्यांचे स्मॅश अडवणारी, संघातली सगळ्यात लहान मुलगी. तिनं चेंडू तीनदा जमिनीवर आपटला, वर उडवला, मारला. तो नेटच्या वरच्या पट्टीला लागला आणि आमच्याच बाजूला घरंगळला. १२-१३.

मी मागे वळले. तोंडातून शब्द काढला नाही. दोन्ही हात बाजूला पसरले, तळवे वर, आणि तिच्याकडे बघत राहिले. सांघिक खेळ खेळलेल्या कुणालाही हे हात माहीत असतात. शिवी दिली तर ती निदान ज्याला दिली त्याच्यासाठी तरी असते. हे हात प्रेक्षकांसाठी असतात. बघा बरं, मी नाही चुकले, ही चुकली.

आता सर्व्हिस समोरच्यांकडे गेली, त्यामुळे मिडल ब्लॉकर बाहेर आणि तिच्या जागी लिबेरो, म्हणजे फक्त मागच्या रांगेत खेळणारी मुलगी, आत. ही अदलाबदल कोर्टच्या कडेला होते, दोघी एकमेकींच्या अगदी जवळून जातात. लहानीची मान खाली होती. लिबेरोनं तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "टॉस मागे पडला तुझा. पुढच्या वेळी जरा पुढे टाक." पंचांनी घाई करायची खूण केली. लिबेरो धावत आत आली, माझ्या शेजारून जाताना पुटपुटली, "हात खाली घे. ती बघतेय."

मी हात खाली घेतले. रागानं लाल झाले होते, पण घेतले.

तेवढ्यात सरांनी टाइमआउट मागितला. ३० सेकंद. आम्ही सहाजणी सरांभोवती उभ्या, आणि सर गप्प. हातातला टॉवेल त्यांनी माझ्याकडे दिला, मी तो पुढे दिला, आणि टॉवेल गोल फिरत राहिला. मला वाटलं, यांना सुचत नाहीये. दहाएक सेकंद गेले असतील. मग लिबेरो म्हणाली, "त्यांची पाच नंबर दमलीय. तिचा ब्लॉक उशिरा येतोय. तिच्या डोक्यावरून खेळू." एकीनं मान डोलावली. लहानी बाकाजवळ उभी होती, ती म्हणाली, "हो, मघाशी माझ्यासमोर पण उशिरा आली होती." शिट्टी वाजली.

तो सामना आम्ही १४-१६ हरलो. पाच नंबरच्या डोक्यावरून दोन चेंडू पडले. तिसरा तिनं वेळेवर अडवला. दमलेली माणसंही कधीकधी वेळेवर पोचतात.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे तक्रार घेऊन गेले. कर्णधार मी, आणि कोर्टवर हुकूम ती सोडते, मलाच हात खाली घ्यायला सांगते, हे काय चाललंय? सर बुटाच्या तळाला लागलेली माती काडीनं काढत होते. म्हणाले, "पट्टी कुठे असते?"

"छातीवर."

"आणि तू उभी कुठे असतेस?"

"नेटपाशी."

"मग पोरींना दिसते कुठे? त्यांना तुझी पाठ दिसते. पट्टी पंचांना दिसते, आणि समोरच्या संघाला."

एवढं बोलून ते पुन्हा बुटाकडे वळले. मला राग आला होता तो जायला दोन-तीन वर्षं लागली.

लिबेरो ही जागाच विलक्षण आहे. १९९८ साली ती या खेळात आली. लिबेरोची जर्सी वेगळ्या रंगाची. तिनं फक्त मागच्या रांगेत खेळायचं. ब्लॉकला उडी मारायची नाही, नेटच्या वरून स्मॅश मारायचा नाही, आम्ही खेळायचो त्या नियमांत सर्व्हिसही नाही. म्हणजे गुणफलकावर तिच्या नावानं गुण लागण्याची शक्यता जवळजवळ शून्य. नाव निघालंच तर चेंडू सुटला म्हणून निघणार. रोटेशनमध्ये, म्हणजे जागा फिरत फिरत, पुढच्या रांगेत जायची वेळ आली की तिला बाहेर यावं लागतं. बाहेर येऊन ती सरांच्या शेजारी बसते, तोच सामना बाहेरून बघते, आणि थोड्या वेळानं पुन्हा आत. आमच्या दृष्टीनं ती सारखी आत-बाहेर करणारी एक मुलगी होती. आज वाटतं, कोर्टवर काय दिसतं आणि बाकावरून काय दिसतं हे दोन्ही ठाऊक असलेली ती एकटीच होती. पाच नंबर दमलीय हे मला नेटपाशी हातभर अंतरावर उभं राहून दिसलं नव्हतं. गुण मिळवायचे नसल्यामुळे तिचे डोळे मोकळे होते.

यातली गंमत अशी की तेव्हाच्या नियमानुसार लिबेरोला कर्णधार होताच येत नसे. ही अट अलीकडच्या काही वर्षांत काढून टाकली. बातमी वाचली तेव्हा मी तिला फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं तेव्हा नव्हतं. पंचांशी कोण वाद घालत बसणार?"

बऱ्याच वर्षांनी बेल्जियममधल्या कात्रीन फ्रान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१४ सालचा एक अभ्यास वाचनात आला. नऊ सांघिक खेळांतल्या ४,४५१ खेळाडूंना आणि कोचना त्यांनी विचारलं होतं, तुमच्या संघात खरं पुढारपण कोण करतं? त्यासाठी चार कामं वेगळी काढली होती. खेळताना डावपेच सांगणारा कोण, मैदानात जोर भरणारा कोण, मैदानाबाहेर माणसं जोडून ठेवणारा कोण, आणि बाहेरच्या जगाशी, म्हणजे व्यवस्थापन, पत्रकार वगैरेंशी, संघाच्या वतीनं बोलणारा कोण. या चारही कामांत आपला कर्णधारच सगळ्यांत पुढे, असं म्हणणारे किती निघाले असतील? शेकडा १. आणि जवळजवळ ४४ टक्के लोकांच्या मते त्यांचा कर्णधार यातल्या एकाही कामात पहिला नव्हता.

हा आकडा वाचून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याचा थोडा रागही आला. पण मग मी आमच्या संघावर ती चार कामं वाटून बघितली. डावपेच: लिबेरो. जोर भरणं: आमची एक स्मॅशर होती, गुण गेला तरी टाळ्या वाजवणारी; तिचा आवाज बसला की संघ बसायचा. माणसं जोडणं: हे काम एका राखीव मुलीचं होतं, जी अख्ख्या हंगामात चार सेटही खेळली नसेल. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या घरी काय चाललंय, कुणाचा गुडघा दुखतोय पण सरांना सांगत नाहीये, सगळं तिला ठाऊक. आणि पंचांशी बोलणं: अस्मादिक.

क्रिकेटचं उदाहरण द्यायचं नाही असं ठरवून बसले होते, कारण मराठीत खेळाबद्दल कुणी काहीही लिहायला घेतलं की तिसऱ्या परिच्छेदात क्रिकेट येतंच. पण क्रिकेटचा कर्णधार ही या सगळ्यातली वेगळी जात आहे. गोलंदाज तो बदलतो, क्षेत्ररक्षण तो लावतो, डाव तो घोषित करतो. फुटबॉलच्या कर्णधाराकडे दंडावरची पट्टी आणि नाणेफेक, बाकी कारभार कडेला उभ्या असलेल्या माणसाचा. म्हणूनच इंग्लंडच्या माइक ब्रेअर्लीसारखा माणूस क्रिकेटमध्येच होऊ शकतो. ३९ कसोट्या, सरासरी २२.८८, एकही शतक नाही. निव्वळ फलंदाज म्हणून एवढ्या कसोट्या मिळाल्या नसत्या. पण ३१ कसोट्यांत नेतृत्व केलं, त्यातल्या १८ जिंकल्या आणि फक्त ४ हरल्या. १९८१ च्या अॅशेस मालिकेतल्या दुसऱ्या कसोटीपर्यंत इयन बोथमला कर्णधार म्हणून एकूण १२ कसोट्यांत एकही विजय मिळाला नव्हता. लॉर्ड्सवर दोन्ही डावांत शून्य झालं, त्यानं कर्णधारपद सोडलं आणि ब्रेअर्लीला परत बोलावलं गेलं. पुढच्याच कसोटीत, हेडिंग्लीला, फॉलोऑन मिळालेल्या इंग्लंडकडून बोथमनं नाबाद १४९ केल्या, बॉब विलिसनं ४३ धावांत ८ बळी घेतले आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकलं.

या गोष्टीत त्या १४९ धावा ब्रेअर्लीच्या खात्यात टाकायचा मोह होतो. बरेच लोक टाकतात. मला ते पटत नाही. बोथमची बॅट बोथमच्याच हातात होती आणि त्यातले काही फटके तर नशिबानंच सुटले. पण बोथमच्या छातीवरची पट्टी निघाली हे खरं. आधी त्याला चौघांची कामं एकट्यानं करायची होती. आता एकच उरलं, आणि ते त्याला येत होतं. सगळ्यांत चांगल्या खेळाडूला कर्णधार करण्याची घाई जिथे जिथे होते तिथे मला हा सामना आठवतो.

खेळणं सुटल्यावर मी कोच झाले. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली. मला वाटलं होतं, सरांच्या हाताखाली एवढी वर्षं काढली, तर त्यांचं सगळं आपल्यात आपोआप उतरलं असेल. उतरली ती फक्त फूटपट्टी.

टाइमआउटच्या ३० सेकंदांत मी किती बोलायचे याचा हिशोब माझ्या सहायक मुलीनं एका सामन्यात ठेवला. मी तिला सांगितलं नव्हतं. ती कंटाळली होती म्हणून तिनं घड्याळ लावलं. २७ सेकंद. उरलेले तीन सेकंद मी पाणी पीत होते. सामना संपल्यावर मी मुलींना विचारलं, दुसऱ्या टाइमआउटमध्ये मी काय सांगितलं होतं? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक म्हणाली, "ताई, तुम्ही शांत राहा म्हणालात." थांबून तिनं पुढे जोडलं, "ओरडून."

जॉन वुडन नावाचे बास्केटबॉलचे एक प्रशिक्षक अमेरिकेत होऊन गेले. यूसीएलए या विद्यापीठाच्या संघाला त्यांनी १२ वर्षांत १० वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, १९६४ ते १९७५ या काळात. शेवटच्या हंगामात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला वही घेऊन बसायचे आणि वुडननं काढलेलं प्रत्येक वाक्य कोणत्या प्रकारचं याची नोंद करायचे. अशा २,३२६ नोंदी झाल्या. मोठमोठी प्रेरणादायी भाषणं असतील असं कुणालाही वाटेल. तसं जवळजवळ काही निघालं नाही. निम्म्याहून अधिक नोंदी नुसत्या सूचनांच्या होत्या: पाय इकडे, खांदा खाली, पास लवकर. कौतुकाच्या साधारण ७ टक्के, निव्वळ रागावण्याच्याही तेवढ्याच. छोटी छोटी वाक्यं, आणि ती संपली की खेळ पुढे सुरू. हेच वुडन हंगामाच्या पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे कसे घालायचे आणि बुटाची नाडी कशी बांधायची हे शिकवायचे. मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो, असा त्यांचा हिशोब होता. पुढे जाऊन देशातले अव्वल ठरणारे खेळाडू खाली बसून मोजे घालायला शिकत होते.

हे वाचलं तेव्हा मला "टॉस मागे पडला तुझा" हे वाक्य आठवलं. मी ते इतकी वर्षं प्रेमळपणा म्हणून लक्षात ठेवलं होतं. प्रेमळपणा त्यात होताच, पण त्याआधी ती माहिती होती. काय चुकलं आणि पुढच्या वेळी काय करायचं, दोन छोट्या वाक्यांत. "असू दे गं, होतं असं" हे लिबेरो म्हणाली नव्हती. म्हणाली असती तर लहानीला फक्त एवढंच कळलं असतं की आपल्याकडून काहीतरी वाईट झालंय आणि सगळे आपल्याला सांभाळून घेतायत.

कमी बोलण्याचं ताजं उदाहरण महिलांच्या २०२५ च्या क्रिकेट विश्वचषकातलं. (क्रिकेट दुसऱ्यांदा आलं, इलाज नाही.) भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार; प्रथम श्रेणीत ११ हजारांहून अधिक धावा आणि भारताकडून एकही सामना नाही. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियानं ३३९ धावांचं लक्ष्य ठेवल्यावर त्यांनी ड्रेसिंग रूममधल्या फळ्यावर एवढंच लिहिलं की अंतिम फेरीत जायला समोरच्यांपेक्षा फक्त एक धाव जास्त हवी. जेमिमा रॉड्रिग्ज १२७ वर नाबाद राहिली, लक्ष्य गाठलं गेलं, आणि पुढे २ नोव्हेंबरला संघ जगज्जेता झाला. फळ्यावरच्या त्या ओळीनं सामना जिंकला असं मी म्हणणार नाही. पण ३३८ धावांचा डोंगर बघून आलेल्या संघासमोर मी उभी असते तर फळा भरून गेला असता, आणि मागची बाजूही.

आता जे सांगायचंय ते मी आजवर टाळत आले आहे. माझ्या पहिल्या वर्षीच्या संघात एक मुलगी होती. उंच, डावखुरी, हात फार गोड. चेंडू चुकला की ती आधी माझ्याकडे बघायची. प्रत्येक वेळी. मला तेव्हा ते बरं वाटायचं. लक्ष आहे हिचं, म्हणायचे मी. ती बघायची आणि मी काय करत असायचे? दोन्ही हात बाजूला, तळवे वर. कुणी दाखवलं तेव्हा कळलं. माझ्या सहायकानं मोबाइलवर सामन्याचं चित्रीकरण केलं होतं, आणि त्यात कडेला मी उभी होते, तेच हात घेऊन. कोर्टवरून ते माझ्याबरोबर बाकापर्यंत आले होते. पुढच्या हंगामाला ती आली नाही. अभ्यास आहे म्हणाली घरून कुणीतरी. असेलही.

लहान मुलांच्या बेसबॉल संघांवर रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं काम केलं. कोचना त्यांनी फार अवघड काही शिकवलं नाही: चांगलं केलं, प्रयत्न केला, तर लगेच सांगा, चुकलं तर धीर द्या आणि नेमकं काय करायचं ते सांगा, शिक्षा आणि टोमणे टाळा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात असं दिसलं की असं शिकवलेल्या कोचच्या हाताखालची साधारण ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळायला परतली नाहीत. इतर कोचकडची मात्र २६ टक्के परतली नाहीत. सामने किती जिंकले यात दोन्ही गटांत विशेष फरक नव्हता. २६ मधल्या एका मुलीला मी ओळखते, असं ते वाचताना वाटलं.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. गोल्डन स्टेट वॉरियर्स या अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये फिनिक्स सन्सविरुद्धच्या सामन्यात टाइमआउटचा फळा आणि मार्कर सरळ खेळाडूंच्या हातात दिला. आंद्रे इग्वोडाला, ड्रेमंड ग्रीन आणि मंडळींनी स्वतःच आखणी केली, आणि संघ १२९-८३ असा जिंकला. समोरच्यांचा अपमान केला अशी टीकाही झाली. कर यांचं म्हणणं होतं की खेळाडू त्यांचं ऐकून कंटाळलेत आणि संघ शेवटी खेळाडूंचाच असतो. मला ही कल्पना इतकी आवडली की पुढच्याच सामन्यात मी फळा मुलींच्या हातात दिला.

३० सेकंद शांतता. एकीनं फळ्यावर एक बाण काढला, मग तो पुसला. दुसरी म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगा ना." समोरच्या बाकावरचा कोच आमच्याकडे बघत होता.

कर यांच्या खेळाडूंनी त्याआधीच्या तीन वर्षांत दोन विजेतेपदं मिळवली होती, एकमेकांशी भांडून-मिटवून झालं होतं. माझ्या मुलींना मी दोन वर्षं एकच गोष्ट शिकवली होती: चुकलं की ताईकडे बघायचं. फळा हातात आल्यावरही त्यांनी तेच केलं. मग मी सरावात सुरुवात केली. दोन डावांच्या मध्ये मी लांब जाऊन उभी राहायचे, आणि परत आल्यावर विचारायचे, काय ठरलं? पहिले काही आठवडे काहीच ठरलेलं नसायचं.

खेळाडूंच्या हाती सूत्रं दिली की सगळं चांगलंच होतं, असंही नाही. मार्च २०१८ मध्ये, म्हणजे कर यांच्या त्या सामन्यानंतर दीडएक महिन्यात, केप टाउनच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन बँक्रॉफ्टला चेंडूवर सँडपेपर घासताना कॅमेऱ्यानं पकडलं. संध्याकाळी पत्रकारांसमोर कर्णधार स्टीव्ह स्मिथ म्हणाला की 'लीडरशिप ग्रुप'ला हे माहीत होतं. तो शब्द मला तेव्हापासून खुपतो. ठरवलं ज्येष्ठांनी, आणि सँडपेपर मात्र संघातल्या नवख्याच्या खिशात. स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नरवर १२ महिन्यांची बंदी आली, बँक्रॉफ्टवर ९ महिन्यांची. प्रशिक्षक डॅरेन लीमन यांना काही माहीत नव्हतं असं चौकशीत निघालं, तरी त्यांनी पद सोडलं. लोक त्यांच्या बाजूनं बोलतात, खरंच माहीत नव्हतं म्हणून. पण आपल्या ड्रेसिंग रूममध्ये नवखा मुलगा 'हे मी करणार नाही' असं म्हणू शकत नाही, ही गोष्ट तरी प्रशिक्षकाला माहीत असायला हवी होती. सर आमच्या गप्पांत कधी शिरले नाहीत, पण कोण गप्प बसलंय ते त्यांना बरोबर दिसायचं. तो टॉवेल गोल फिरायचा तेव्हा ते टॉवेलकडे बघत नसायचे. आमच्या चेहऱ्यांकडे बघायचे. हे मला त्या बाजूला उभं राहिल्याशिवाय कळणं शक्यच नव्हतं.

यंदा मुलींनी कर्णधार स्वतः निवडली. मी कापलेली पट्टी तिच्या जर्सीवर लावली. फूटपट्टी लावूनच कापली, त्याचं मुलींना हसू आलं. परवाच्या सामन्यात तिसऱ्या सेटमध्ये सलग पाच गुण गेले आणि मी टाइमआउट मागितला. टॉवेल पुढे दिला. ओठ मिटून मनात आकडे मोजायला लागले. आठ. नऊ. कर्णधार पाणी पीत होती. तेरा. माझे हात उठायला लागले होते म्हणून मी ते पाठीमागे बांधून घेतले. सतरा. अठरा.

एकोणिसाव्या सेकंदाला मागच्या रांगेत खेळणारी एक मुलगी बोलली. सबंध हंगामात तिचा आवाज मी हजेरीच्या वेळीच ऐकला असेल. कर्णधाराच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाली, "तुझी नाडी सुटलीय."

कर्णधार खाली बसून नाडी बांधायला लागली. बाकीच्या तिच्याभोवती उभ्या राहिल्या, कुणीतरी फिसकन हसलं, दोघीजणी एकदम काहीतरी बोलायला लागल्या, आणि पंचांनी शिट्टी वाजवली.